दूध पाजलं, कागद राहिला

माझा मामेभाऊ आणि भाभी या रमजानमध्ये उमराहला जाणार होते. या महिन्यातल्या उमराहचं पुण्य हजसारखं, असं हदीसमध्ये आलं आहे, म्हणून दोन वर्षं पै-पै साठवली होती. सोबत त्यांची नऊ वर्षांची मुलगीही जाणार होती. तिच्या पासपोर्टपाशी सगळं अडलं. दोष कुठल्या कार्यालयाचा नव्हता, आमच्या घराचाच होता.

ही मुलगी भाभीच्या धाकट्या बहिणीची. उधन्याला राहणाऱ्या या बहिणीला तिसरी मुलगी झाली, तेव्हा भाभीच्या लग्नाला अकरा वर्षं होऊन गेली होती आणि मूल नव्हतं. दोघं दोंडाईचाहून सुरतेच्या गाडीत बसली आणि चाळीस दिवसांचं बाळ दुपट्यात गुंडाळून घेऊन आली. घरातल्या बुजुर्गांनी तेव्हा एक शहाणपण केलं. भाभी तिची सख्खी खाला, तिचा प्रश्न नव्हता. पण मामेभाऊ पुढे तिला नामहरम ठरला असता. त्याची बहीण नेमकी बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. तिने आपल्या बाळाबरोबर यालाही पाजलं. दोन वर्षांच्या आत असं दूध पाजलं की रजाअतचं नातं लागतं. मामेभाऊ मुलीचा दूधमामा झाला, पडद्याचा प्रश्न कायमचा मिटला. शरीयतची इतकी बारीक काळजी घेतली, आणि कोर्टाच्या कागदाची आठवण मात्र कुणालाच झाली नाही.

आता जन्मदाखल्यावर उधन्याच्या वडिलांचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरात, आधार कार्डावर मामेभावाचं. पासपोर्टचा अर्ज कोणत्या नावाने करायचा? भाभी म्हणाली, हिला ठेवून मी काबा बघायला जाणार नाही. प्रवास रद्द झाला.

‘इस्लाममध्ये दत्तक नाही,’ हे वाक्य आपल्याकडे सगळे म्हणतात. अर्धं खरं आहे. सूरह अहजाबच्या सुरुवातीला हुकूम आहे तो असा की, सांभाळलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने ओळखा. बाप माहीत नसेल तर ते तुमचे दीनी भाऊ. मनाई आहे ती नसब बदलण्याला, मूल घरी आणण्याला नाही. हजरत जैद (रजि.) यांची हकीकत आठवा. लहानपणी पळवून विकले गेलेले जैद प्रेषितांच्या (स.) घरी आले. त्यांचे वडील हारिसा शोध घेत मक्केपर्यंत पोहोचले, मुलाला परत न्यायला. प्रेषितांनी निवड मुलावर सोडली आणि जैद यांनी प्रेषितांपाशीच राहायचं ठरवलं. पुढे आयत उतरल्यावर ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले. नाव बदललं, माया तसूभर कमी झाली नाही.

आमच्या घरात नेमकं उलटं झालं. दत्तकाचा कायदा नको म्हणालो आणि शाळेत दाखल करताना ‘वडिलांचं नाव’ या रकान्यात मामेभावाचं नाव बिनदिक्कत लिहून आलो. कुरआनने जे मना केलं तेच केलं. अशी नावं आपल्या मोहल्ल्यात किती रजिस्टरांत असतील, ते शिक्षकांना विचारा.

खरं तर रस्ता जुना आहे. १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायदा. जिल्हा न्यायालय पालक नेमतं, मुलाच्या खऱ्या बापाचं नाव कायम राहतं. आपले उलेमा ज्याला कफालत म्हणतात, त्याच्या हे सर्वांत जवळचं. हा कायदा फक्त आपल्यासाठी नव्हता. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा. त्यात न बसणारे ख्रिस्ती, पारशी आणि परदेशातून मूल न्यायला येणारी जोडपी, सगळी याच दारातून जात. परदेशी जोडपं इथल्या कोर्टातून पालक होऊन निघायचं आणि दत्तकविधान आपल्या देशात करायचं. १९७९ साली पुण्यात ससून रुग्णालयाशी जोडलेल्या ‘श्रीवत्स’मधून हरेन आणि स्यू स्थळेकर यांनी तीन आठवड्यांची मुलगी घेतली. अमेरिका, केनिया करत हे कुटुंब सिडनीला स्थिरावलं आणि ती लिसा स्थळेकर ऑस्ट्रेलियाची कर्णधार झाली. ते बाळ देशांच्या सीमा ओलांडू शकलं. आमचं विमानतळापर्यंतही पोहोचलं नाही.

या कायद्यातही एक अट आहे. कलम २६ नुसार पालकाला मुलाला कोर्टाच्या हद्दीबाहेर न्यायचं तर कोर्टाची परवानगी लागते, म्हणजे उमराहसाठीही. पालकत्व अठराव्या वर्षी संपतं. मुलगी वारस होत नाही. तिच्यासाठी हयातीत हिबा करावा किंवा एक तृतीयांशपर्यंत वसीयत. हे आजच लिहून ठेवावं, जनाजा उठल्यावर भाऊबंद ऐकत नसतात.

दुसरा रस्ता बाल न्याय कायद्याचा. शबनम हाश्मी यांच्या खटल्यात १९ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, या कायद्याने कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं. ज्याला घ्यायचं नाही त्याच्यावर सक्ती नाही. पर्सनल लॉ बोर्डाने तेव्हा कफालतची बाजू मांडली होती. नातेवाइकाचं मूलही या कायद्याने घेता येतं, आणि सप्टेंबर २०२२ पासून आदेश जिल्हाधिकारी देतात. यात मूल पूर्णपणे दत्तक पालकांचं होतं. माझं मत विचाराल तर, आई-बाप माहीत असलेल्या मुलासाठी पालकत्व बरं. पण पाळण्यात टाकून दिलेल्या, ज्याचा बापच ठाऊक नाही अशा जिवाला मसअला सुटेपर्यंत ताटकळत ठेवू नये. काही आलिमांना हे पटणार नाही, ठाऊक आहे.

रमजानमध्ये यतीमखान्यांच्या पावत्या घरोघर येतात, आपण जकात देतो आणि मोकळे होतो. यतीमाला सांभाळणारा जन्नतमध्ये माझ्या इतका जवळ असेल, असं सांगताना प्रेषितांनी दोन बोटं दाखवली होती. पावती फाडणं आणि सांभाळणं यात फरक आहे.

ईद झाली की धुळ्याला वकिलाकडे जायचं आहे. मुलीचे वडील सही करायला उधन्याहून येणार आहेत. तिला दोन्ही घरं माहीत आहेत, ‘उधनावाली अम्मी’ असं ती सहज म्हणते. शाळेतलं नाव दुरुस्त करण्याचा अर्ज मीच लिहिला. परवा तरावीहनंतर मामेभावाने तो वाचला. आपलं नाव ‘वडील’मधून ‘पालक’मध्ये गेलेलं पाहून बराच वेळ काही बोलला नाही. मग चष्मा पुसला आणि पेन मागितला.