जनरेटरखालचा भुसा काढा

सोसायटीचा जनरेटर असो, मंगल कार्यालयातला असो की रुग्णालयातला, जुना झाला की त्याच्याखाली भुसा, फडके किंवा पत्र्याचा ट्रे येतोच. डिझेल टिपायची सोय झाली की गळती शोधायची गरज कुणाला वाटत नाही. थेंबाने काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटरहून अधिक डिझेल. आणि टाकी इंजिनापेक्षा उंच असेल तर ते जनरेटर बंद असतानाही गळू शकते. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, हे खरे. पण साधारण अडीचशे अंशांच्या आसपास ते ठिणगीशिवायही पेटू शकते आणि भारावर चालणाऱ्या इंजिनाचा एक्झॉस्ट त्याहून बराच जास्त तापतो. भिजलेले फडके तर आयती वातच.

मेकॅनिक येतो, नट आवळतो, जातो. वार्षिक करार आहे म्हणून समितीही निश्चिंत. पण थेंब पडतो तिथे गळती असेलच असे नाही. डिझेल नळीवरून, ब्लॉकवरून ओघळत भलतीकडे टपकते. म्हणून इंजिन थंड असताना सगळे सांधे कोरडे पुसावेत, खाली कोरडा कागद अंथरावा, मग चालवून टॉर्चने वरून खाली पाहत यावे. बोटाने चाचपणे मात्र कटाक्षाने टाळावे: इंजेक्टरच्या नळीतून उडणारा बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो. तांब्याचा वॉशर एकदा दबला की पुन्हा आवळून उपयोग नसतो, तो बदलावाच लागतो. एम-सील हा उपाय नव्हे.

जमीन कोरडी आहे म्हणून निर्धास्त राहणेही चुकीचे. टाकी खाली असलेल्या जनरेटरमध्ये फीड पंपाआधीचा सांधा सैल असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. जनरेटर सुरू होतो, थोडा चालतो, गचके खात बंद पडतो; नेमका वीज गेल्यावर. दर आठवड्याच्या बिनभाराच्या पाच मिनिटांच्या चाचणीत हा दोष बहुधा लपून राहतो. भार देऊन जास्त वेळ चालवावे तर वेळ जातो, डिझेल जळते, ही तक्रार रास्त आहे. पण लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासमोर ती मांडता येणार नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला भुसा काढून टाका, इमारतीचा भार देऊन अर्धा तास जनरेटर चालवा आणि तोवर मेकॅनिकला थांबवून घ्या.