दोन फाटकांस चार रखवालदार. उरलेले तीन कोणीं खाल्ले?

नरखेड तालुक्यांतील आमच्या शेतकरी व कारू बंधुभगिनींस एक साधा प्रश्न विचारून आजच्या लेखास आरंभ करतों. मोवाड घ्या, जलालखेडा घ्या, सावरगांव, बेलोना घ्या. कोठें ना कोठें ओट्यावर म्हातारा बसलेला दिसतो. 'थोरला कोठें आहे?' असें विचारलें म्हणजे तो मान वर करून सांगतो, 'मुंबईस आहे, सिक्युरिटींत आहे.' पगार किती? 'बरा आहे.' ड्यूटी किती तासांची? येथें मात्र म्हातारा गप्प होतो, कारण पोरानें तें त्यास कधीं सांगितलेलेंच नसतें. जें पोर बापास सांगावयास लाजतें, तेंच आम्ही आज येथें उघड मांडणार आहों.

पोर गांव कां सोडतें हें आम्हांस कोणीं शिकवूं नये. संत्र्याचें झाड लावल्यापासून फळास येईतों पांच-सहा वर्षें त्यास पोटच्या लेकरासारखें पाणी पाजावें लागतें. पुढें आंबिया बहार धरला तर फळगळ लागते, मृग बहार धरला तर मृगच दगा देतो. माल हातीं आलाच तर व्यापारी उभा बगीचा मागतो आणि भाव तोच सांगतो. नागपुरी संत्र्याचें मोठें गिऱ्हाईक बांगलादेश. त्यानें सन २०१९ पासून आयात शुल्क वाढवीत नेलें, त्याचा फटका आमच्या बगीच्यांस बसला. सुतार-लोहारांचें तर विचारूंच नका. ट्रॅक्टर आला, बंडी गेली, आणि बंडीबरोबर त्यांचा भाताही विझला. तेव्हां बारावी झालेला पोरगा नरखेडच्या टेशनावर येतो, बडनेऱ्याची गाडी धरतो व तेथून मुंबईच्या गाडींत शिरतो. बाप वावरांत रानडुकरें हाकलीत रात्रभर जागल करतो, आणि पोरगा मुंबईंत कोणा धनवानाच्या फाटकावर जागल करतो. जागल दोघांचीही, सुगी मात्र दोघांच्याही घरीं येत नाहीं.

आतां ही मुंबईची जागल कशी असते तें पाहूं. इमारत एकाची, रखवालदार दुसऱ्याचा. इमारतीचा मालक किंवा तेथली सोसायटी ठेकेदारास, म्हणजे ज्यास तिकडे 'एजन्सी' म्हणतात त्यास, महिन्याची ठोक रक्कम देते. ठेकेदार त्यांतून आपला वांटा काढतो व उरलेलें पोराच्या हातावर ठेवतो. सोसायटी कमींत कमी दर मागते, ठेकेदार ठेका मिळावा म्हणून दर पाडतो. पण दर कितीही पडला तरी ठेकेदाराचा वांटा कांहीं पडत नाहीं. मग ही तूट निघते कोठून? ती पोराच्या झोपेंतून निघते! आठ तासांची पाळी बारा तासांची होते, आठवड्याची सुट्टी बुडते, आणि पोरास सांगतात कीं या धंद्याची रीतच अशी आहे. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, ही म्हण आम्हांस ठाऊक आहे. येथें विशेष इतकाच, कीं दळणारा आंधळा नाहीं. त्यास हिशेब कोणीं दाखविलेला नाहीं. तो आम्ही दाखवितों.

एक फाटक रात्रंदिवस राखावयाचें म्हणजे आठवड्याचे १६८ तास झाले. दोन फाटकांचे ३३६ तास. माणसाच्या कामाची रीतसर मर्यादा आठवड्यास ४८ तास. ३३६ ला ४८ नें भागा. सात माणसें लागतात. बारा तासांच्या पाळीनें, एकही सुट्टी न देतां, तेंच काम चार माणसांत उरकलें जातें. प्रत्येकाच्या माथीं ८४ तास! म्हणजे दर दोन फाटकांमागें तीन नोकऱ्या ठेकेदारानें व मालकानें मिळून खाल्ल्या. त्या नोकऱ्या कोणाच्या होत्या? 'आतां मुंबईंतही काम मिळत नाहीं' म्हणून नरखेडच्या चौकांत हात चोळीत बसलेल्या पोरांच्या. चार पोरें डोळे फुटेस्तोवर जागतात म्हणून तीन पोरें बेकार आहेत. जो जागतो तोही आमचा आणि जो बेकार आहे तोही आमचाच.

आतां पैशाचें पाहूं. हिशेबापुरतें असें धरा, कीं रोज आठ तासांप्रमाणें २६ दिवसांचा पगार १३,००० रुपये ठरला. तास झाले २०८, तासाचा दर साडेबासष्ट रुपये. पोरगा मात्र तीसही दिवस बारा बारा तास उभा राहतो. ते झाले ३६० तास. जादा भरले १५२. जादा तासास दुप्पट दर द्यावा हा कायदा आहे. सन १९४८ च्या किमान वेतन कायद्याखालीं आमच्या राज्यांत हाच दर होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागीं अमलांत आलेल्या वेतन संहितेंतही दुपटीहून कमी देतां येत नाहीं. तेव्हां १५२ तासांचे, तासास १२५ रुपयांप्रमाणें, १९,००० रुपये झाले. मूळचे १३,००० मिळवा, एकूण ३२,०००. आतां समजा ठेकेदारानें 'बारा तासांचे अठरा हजार' असा एकच आंकडा सांगितला. पोरगा आनंदानें घरीं फोन करतो, कीं आई, तेराचे अठरा झाले! बाबारे, तेराचे अठरा झाले नाहींत, बत्तिसाचे अठरा झाले. महिन्यास १४,००० आणि वर्षास १,६८,००० रुपये तुझ्या हातावर न येतांच गेले. दर कोणताही धरा, प्रमाण हेंच राहतें: तीसही दिवस बारा तास राबणाऱ्यास आठ तासांच्या महिन्याच्या जवळजवळ अडीचपट मिळावयास पाहिजे. तें ज्यास मिळत असेल त्यानें हा लेख फाडून टाकावा, आमची हरकत नाहीं.

आणि हे अठरा हजार खर्चावयाचे कोठें? ज्या शहरांत एका खोलीच्या किमतींत आमच्याकडे बागायत वावर मिळेल, त्या शहरांत! म्हणून आठ-दहा जण एक खोली करतात. दिवसपाळीचा उठला कीं रात्रपाळीचा त्याच गादीवर पडतो. भाडें गेलें, खानावळ गेली, लोकलचा पास गेला, वर्दीचे पैसे पहिल्या पगारांतून कापले गेले. उरलें तें घरीं. त्यांतही पोरगा आजारी पडला तर गैरहजेरी कापतात. दुरून डोंगर साजरे म्हणतात तें खोटें नाहीं.

येथें कोणी शहाणा म्हणेल, कीं पोरें स्वतःच बारा तास मागतात. मागतात खरीं, आठ तासांच्या पगारांत खोलीचें भाडेंच निघत नसेल तर दुसरें काय मागतील? भुकेल्यानें शिळी भाकरी मागितली म्हणून त्यास शिळेंच आवडतें असें ठरत नाहीं. दुसरा शहाणा म्हणेल, कीं सोसायटीस इतकें परवडत नाहीं. लिफ्टचें वीजबिल आम्हांस परवडत नाहीं, अर्धेंच भरूं, असें तो वीजकंपनीस म्हणूं शकतो काय? वीज तोडली जाते हें त्यास माहीत आहे. रखवालदार तोडला जात नाहीं, कारण त्याच्या जागेवर उभें राहण्यास दुसऱ्या गांवचा पोरगा फाटकाबाहेर आलेलाच असतो.

ही लढाई नवी नाहीं. सन १८८४ मध्यें 'दीनबंधू'कार नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणी कामगारांस एकत्र करून मागण्या मांडल्या. आठवड्यास एक सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसांवा, ठरल्या तारखेच्या आंत पगार, कामावर जखमी झाल्यास भरपाई, अशा त्या होत्या. सन १८९० मध्यें गिरणीमालकांस रविवारची सुट्टी कबूल करावी लागली. पुढें सन १९८२ चा संप झाला, एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल व मनोरे उठले. लोअर परळची फिनिक्स गिरणी आज मॉल होऊन बसली आहे. ज्या गिरणगांवांत आमच्या पूर्वजांनीं रविवार मिळविला, त्याच गिरणगांवच्या फाटकांवर आज नातवाचा रविवार बुडावा, ही केवढी लाजेची गोष्ट! लोखंड्यांच्या मागण्यांची यादी रखवालदारापुढें वाचा; तो म्हणेल, ही तर माझीच आहे.

दुसरीही एक गोष्ट आठवा. जुन्या मुंबई इलाख्यांत गांवकीचें काम महार वतनदारांच्या माथीं होतें. दिवस नाहीं, रात्र नाहीं. बोलावलें कीं हजर. काम सरकारचें, आणि पोट बलुत्यावर, म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवर. डॉ. आंबेडकरांनीं सन १९२८ मध्यें मुंबईच्या कायदे कौन्सिलांत याविरुद्ध विधेयक आणलें. शेवटीं सन १९५८ च्या कायद्यानें तीं वतनें गेलीं. आतां ठेका पाहा. काम इमारतीचें, पोट ठेकेदाराच्या मर्जीवर, आणि तासांस धरबंध नाहीं. वतन गेलें म्हणून आम्हीं आनंद केला. तें वर्दी घालून परत आलें आहे आणि या वेळीं कोणत्याही जातीच्या गरिबास सोडीत नाहीं.

कायदे नाहींत असें नाहीं. सन १९६९ चा माथाडी कायदा डोळ्यांपुढें ठेवून महाराष्ट्रानें सन १९८१ मध्यें खासगी सुरक्षा रक्षकांचा कायदा केला. त्यानें मंडळ निघालें. मालकानें पगार व त्यावरील लेव्ही मंडळांत भरावी, मंडळानें नोंदलेल्या रक्षकास पगार, निधी, रजा, उपदान द्यावें. मध्यें दलाल नाहीं. रचना चांगली आहे. पण त्याच कायद्यांत कलम २३ नें एक खिडकी ठेविली, कीं ज्या एजन्सीच्या रक्षकांचे लाभ एकंदरीनें मंडळापेक्षां कमी नाहींत त्यांस सरकार सूट देऊं शकतें. आमचें म्हणणें इतकेंच, कीं सूट कागद पाहून देऊं नये, फाटकावरची हजेरी पाहून द्यावी. सन २००५ चा केंद्राचा कायदा एजन्सीस परवाना सक्तीचा करतो. सन २०२० च्या संहितेनें कारखान्याच्या मुख्य कामांत ठेकेदारी मना केली, पण रखवालीस मुख्य कामांतून वगळलें. ज्याच्या भरंवशावर तिजोरी सोडून झोपावें, त्याचें काम मुख्य नव्हे! हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

बढतीचें गाजरही नीट पाहून घ्या. सन २००५ च्या कायद्याखालील नमुना नियमांप्रमाणें पंधरा रक्षकांवर निदान एक सुपरवायझर असावा. बहुधा ठेकेदार त्याहून जास्त नेमणार नाहीं. म्हणजे पंधरांमागें एक जागा, आणि तीही रिकामी झाली तर. बाकीचे चौदा जण विसाव्या वर्षीं ज्या फाटकावर उभे राहिले तशाच फाटकावर म्हातारे होणार. त्यांत कॅमेरे आले, आपोआप उघडणारीं फाटकें आलीं. म्हणून आम्ही म्हणतों, बढतीच्या आशेवर तास फुकट देऊं नका.

मग करावें काय? पोरांनीं मुंबईस जाऊंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. पोट कोणास सुटलें आहे? पण डोळे उघडे ठेवून जावें. भरतीसाठीं पैसे मागणाऱ्या दलालास एक रुपया देऊं नये. आधीं एजन्सीचा परवाना पाहावा, तो कचेरींत दिसेल असा लावण्याची सक्ती आहे. ठेकेदाराची हजेरी त्याच्यापाशीं असते. आपली आपण ठेवावी. दोन रुपयांची वही पुरते: आलों किती वाजतां, सुटलों किती वाजतां, सुट्टी मिळाली कीं नाहीं. पगाराची पावती मागावी. भविष्यनिर्वाह निधीचा आपला क्रमांक घ्यावा आणि कापलेले पैसे खात्यांत पडतात कीं नाहीं तें दर महिन्यास पाहावें. ठेकेदारानें पगार बुडविला तर ज्याची इमारत त्याच्यावरही जबाबदारी येते, हें विसरूं नये. पण एकट्यानें बोललेला पोरगा दुसऱ्या दिवशीं काढला जातो. म्हणून एका फाटकावरच्या चौघांनीं एका तोंडानें बोलावें. नरखेडचा, बीडचा, कोंकणचा, बिहारचा हा भेद तेथें ठेवाल तर ठेकेदाराचेंच काम कराल.

आणि घरच्या मंडळींनो, तुमच्याकडेही एक काम आहे. पोरगा दिवाळीस आला म्हणजे पगार किती हें पहिल्यानें विचारूं नका. तास किती, हें विचारा. त्याची वही मागा. आठ तासांप्रमाणें २६ दिवसांचा पगार २०८ नें भागा, वहींतले जादा तास मोजा, दुप्पट दर लावा. घरांत दहावी झालेली मुलगी असेल तर ती अर्ध्या घटकेंत आंकडा काढून देईल. तो आंकडा घेऊन पोरगा परत जाऊं द्या. निवडणुकींत मत मागावयास येणारांसही तोच आंकडा दाखवा आणि विचारा, कीं दोन फाटकांवर सात माणसें उभीं करणारा कोण?

चार जागतात आणि तीन बेकार बसतात, हा हिशेब जोंवर आमच्या घरांत मांडला जात नाहीं, तोंवर तो ठेकेदाराच्याच वहींत मांडला जाईल. आपली वही आपण उघडावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.