अरणीतला अग्नी आणि खिशातली काडेपेटी

२०२८ साली उज्जयिनीत पुन्हा सिंहस्थ भरावयाचा आहे. क्षिप्रेच्या काठी मंडप उभे राहतील, कुंडे खोदली जातील, आणि त्यांतील काही मंडपांवर तरी ‘अरणीमंथनाने प्रत्यक्ष अग्नी प्रकट होणार’ असा फलक झळकल्यावाचून राहणार नाही. हा फलक वाचून वर्गणी देणाऱ्यांत आमचे वाचकही असतील. महाकालेश्वराच्या ज्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी केला, त्या मंदिराच्या नगरीविषयी आमच्या समाजाला आपलेपणा वाटावा, हे स्वाभाविकच आहे. म्हणूनच, देणगीचा हात खिशाकडे जाण्यापूर्वी, चार शब्द स्पष्ट बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमचा आक्षेप अरणीला नाही. अरणीच्या नावावर चाललेल्या लबाडीला आहे. आम्ही निरनिराळ्या ठिकाणचे मंडप पाहिले आहेत. दोर चार वेळा ओढला जातो, मंत्रघोष वाढतो, छायाचित्रकार पुढे सरसावतात, आणि एवढ्यात कुणाच्या तरी उपरण्याआड कापराची वडी पेटते. लगेच ध्वनिक्षेपकावरून ‘मंत्रसामर्थ्याने अग्निनारायण प्रकट झाले’ अशी घोषणा होते. लोक हात जोडतात. त्यांची श्रद्धा खरी असते. खोटी असते ती ज्योत.

अरणी म्हणजे जादूची कांडी नव्हे, ते एक उत्तम साधन आहे. शमीच्या आश्रयाने वाढलेल्या पिंपळाचे लाकूड अरणीसाठी श्रेष्ठ मानले आहे. खालची ती अधरारणी. वरच्या उत्तरारणीतून काढलेला तुकडा, म्हणजे प्रमंथ, खैराच्या चात्राला बसवितात. वरून ओविलीने दाब द्यावयाचा आणि चात्राला वेढलेला नेत्र, म्हणजे दोर, ताकाच्या रवीसारखा आळीपाळीने ओढावयाचा. घर्षणाने लाकडाचा बारीक काळपट भुगा निघतो. तोच तापून धुमसू लागतो. ती इवलीशी ठिणगी हलक्या हाताने वाळक्या गोवरीच्या चुऱ्यात किंवा काथ्यात घ्यावी, जपून फुंकर घालावी, तेव्हा कुठे ज्वाला दिसते. लाकूड दमट असेल, दाब कमीअधिक झाला, दोर मध्येच थांबला, तर धुरापलीकडे काही हाती लागत नाही. दोर ओढणाऱ्यांचे दंड भरून येतात. श्रम, धीर आणि हातोटी या तिहींचे हे फळ होय. हे फळ केवळ मंत्रोच्चाराने मिळते असे सांगणारा मंत्राचा गौरव करीत नाही. ज्या पिढ्यांनी ही विद्या हातांत जतन केली, त्यांच्या श्रमांवर तो पाणी ओततो.

दुसऱ्या बाजूचे विद्वानही आम्हांस ठाऊक आहेत. त्यांच्या लेखी लाकडावर लाकूड घासणे हा रानटीपणा. त्यांना आम्ही ब्रह्मदेश, मलाया आणि फिलिपीन्समधील जुन्या लोकांचे एक साधन दाखवू इच्छितो. लाकडाची किंवा शिंगाची एका टोकाला बंद असलेली नळी, तीत घट्ट बसणारा दट्ट्या, आणि दट्ट्याच्या टोकाला चिमूटभर पेट घेणारा कापूस किंवा भुसा. दट्ट्यावर एक जोरकस थाप मारली की आतली हवा एकाएकी दाबली जाऊन इतकी तापते की कापूस धुमसू लागतो. येथे घर्षण नाही, चकमकीची गारगोटी नाही. केवळ दाबलेल्या हवेची उष्णता आहे. सिंहस्थाला यात्रेकरू घेऊन येणाऱ्या प्रत्येक डिझेल बसच्या इंजिनात नेमके हेच तत्त्व काम करीत असते. तेव्हा ‘रानटी’ हा शब्द जरा जपून वापरावा. तसेच, आमच्या ऋषींना डिझेल इंजिन ठाऊक होते, अशी आरोळी ठोकणाऱ्यांनीही जपावे. अरणी घर्षणाची, नळी दाबाची. दोहोंना आपापला मान आहे, आणि उसन्या मोठेपणाची गरज दोहोंनाही नाही.

कोणी म्हणेल, मंथन साधले नाही तर यज्ञ थांबवावयाचा काय? मुळीच नाही. श्रौतकर्माचे नियम कडक आहेत हे खरे; सोमयागासारख्या कर्मात मंथन हा विधीचाच भाग आहे. २०२४ च्या मे महिन्यात महाकालेश्वराच्या मंदिरात पर्जन्यासाठी सोमयाग झाला, तो याच परंपरेतला. परंतु घरच्या अग्नीविषयी गृह्यसूत्रे पुष्कळ उदार आहेत. पारस्कर बहुपशू वैश्याच्या घरून अग्नी आणावयास सांगतो आणि अरणीचा पक्ष काहींचा म्हणून नोंदवितो. गोभिल भाजणाऱ्याच्या भट्टीतला अग्नीही चालवून घेतो. मग ज्या मंडपात साधा होम आहे, तेथे काडेपेटीने अग्नी पेटविला म्हणून कोणाचे काय बिघडणार आहे? पेटवावा, पण उघडपणे पेटवावा. केरळात पांजाळ येथे एप्रिल १९७५ मध्ये अतिरात्र झाला, तेव्हा लोकांच्या विरोधामुळे बोकडांच्या जागी केळीच्या पानात गुंडाळलेले तांदळाच्या पिठाचे पिंड वापरले गेले. ते लपवून ठेवले नाही. उघड केलेला पर्याय हा धर्माचा मार्ग आहे. झाकलेला पर्याय ही फसवणूक आहे.

आम्ही कायद्याच्या व्यवसायातले आहोत, म्हणून साक्षीचा विचार आमच्या मनात आधी येतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम सांगते की, जेथे सप्तपदीची रूढी आहे तेथे पवित्र अग्नीसमोर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. तो अग्नी अरणीचा की काडीचा, हे कायदा विचारीत नाही, आणि त्याने विचारूही नये. परंतु ज्याला आपण साक्षी मानतो, त्याच्याच जन्माविषयी खोटे बोलावे, यासारखी विसंगती नाही. साक्षीदार खोटा ठरला की त्याच्या साक्षीने झालेल्या गोष्टींवरचा विश्वासही ढळतो. आज तरुण मुले हा कापराचा खेळ ओळखतात आणि मग मंत्र, मंथन, यज्ञ सर्वांनाच हसतात. त्यांना नास्तिक म्हणून दोष देण्यापूर्वी आपण त्यांना काय दाखविले, हे आठवावे.

दिखाऊपणाची किंमत याहून भयंकरही असते. २५ मार्च २०२४ रोजी, धुळवडीच्या पहाटे, महाकालाच्या भस्मारतीच्या वेळी गर्भगृहात गुलाल उधळला गेला आणि आग भडकली. चौदाजण भाजले, त्यांतील एका वृद्ध सेवकाचा पुढे अंत झाला. अग्नी हा शोभेचा पदार्थ नव्हे. जो तो स्वतःच्या श्रमाने उत्पन्न करावयास शिकतो, तो त्याला भिऊन व जपून वागावयासही शिकतो.

कालिदासाने शाकुंतलात गर्भवती शकुंतलेला पोटात अग्नी वागविणाऱ्या शमीची उपमा दिली. विजयादशमीला महाकालाची पालखी आजही शमीपूजनासाठी दसरा मैदानाकडे निघते. देव स्वतः ज्या झाडाकडे जातो, त्या झाडातला अग्नी बाहेर काढण्याची विद्या मात्र आपण सोंगाच्या स्वाधीन करावी काय?

तेव्हा आमच्या वाचकांकडे, विशेषतः देवस्थानांच्या विश्वस्तांकडे, आमचे मागणे थोडे आहे. ज्या मंडपाच्या फलकावर अरणीमंथनाची घोषणा असेल, त्याच्या चालकांना देणगीपूर्वी विचारावे: अरणी कोणी घडविली, दोर कोण ओढणार, आणि अग्नी न निघाल्यास तसे जाहीर कराल काय? उत्तर गोलमाल आले तर हात आखडता घ्यावा. महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान उज्जयिनीतच आहे. वेदपाठशाळांतून पाठांतराइतकीच मंथनाच्या हातोटीचीही परीक्षा व्हावी, असा आग्रह त्याच्यापाशी धरावा. आणि आपापल्या देवळाच्या आवारात शमी व पिंपळ शेजारी शेजारी लावावेत. अरणीजोगे लाकूड त्यांतून मिळावयास पुष्कळ वर्षे लागतील. पण खोटा अग्नी एका क्षणात पेटतो, तर खऱ्याने वेळ मागितला म्हणून तक्रार कशाला?