मदत फोनवर आहे, पण फोन कुणाच्या हातात?

बाळंतिणीला सारखं रडू येतं, बाळाकडे बघावंसंही वाटत नाही. आपल्या घरांत लगेच म्हणतात, नजर लागली, नाहीतर इमान कमजोर झालं. पण हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर ते डिप्रेशन असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेनुसार विकसनशील देशांत बाळंतपणानंतर सुमारे 20 टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, त्यात डिप्रेशन मुख्य. गरोदरपणातही तो होतो.

सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी 'टेलि-मानस' सुरू केलं. 14416 या नंबरवर दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (2019-21) सांगतं की देशात सुमारे 54 टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल आहे. त्यात चिल्ल्याचे चाळीस दिवस खोलीत सासू, नणंद, पाहुण्या. मनातलं बोलणार कधी? आशाताई येतात, बाळाचं वजन बघतात. आईच्या मनाचं विचारणं राहून जातं.

निफासमध्ये नमाज माफ आहे. शरियतने बाळंतिणीला सवलत दिली. मग तिच्या मनाला आपण का देऊ नये?

आम्हाला वाटतं, सुरुवात घरातूनच व्हावी. फोन तिच्या हाती द्या, बाळ आपण घ्या, दार लोटून अर्धा तास बाहेर बसा. मशिदीच्या फलकावर, शाळेच्या पालकसभेत हा नंबर सांगू या. मात्र ती स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचं बोलली, तर एकटं सोडू नका, तडक दवाखाना गाठा. दुआ करूच, इलाजही करू.