बसला यमक हवे!

इंग्रजीतले जे शब्द आपल्या घरात पाहुणे म्हणून आले आणि घरचेच होऊन गेले, त्यांत ‘बस’ हा एक. मुंबईत पहिली मोटारबस धावली १५ जुलै १९२६ रोजी. राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला निघाली १ जून १९४८ रोजी. गाडी रस्त्याला लागली तसा शब्द जिभेवर रुळला. पण कवितेच्या दाराशी पाहुण्याला एकच प्रश्न विचारतात: तुमच्या जोडीला कोण?

वाचकहो, ‘बस’ची जोडी जमवणे मुळीच अवघड नाही. शेवटचे अक्षर जुळावे आणि त्याच्या आधीचा स्वरही जुळावा, एवढीच यमकाची अट. तेव्हा रस, कस, सरस, दिवस ही सारी मंडळी हजर. ‘पाऊस’ मात्र दारातून परत जाईल. त्याचा स्वर वेगळा!

आणि खरी गंमत पुढेच आहे. आपल्या जुन्या अलंकारशास्त्राला यमक म्हणजे नुसता शेवटचा ताल अभिप्रेत नव्हता. अक्षरे तीच, अर्थ निराळा, असे यमक त्याला हवे. मोरोपंतांनी (१७२९-१७९४) आयुष्यभर ही हौस केली. त्यांच्या आर्या कीर्तनात रंगवणारे शाहीर राम जोशी तर आमच्या सोलापूरचेच. त्या दृष्टीने पाहा:

जागा मिळाली, खिडकीशी बस;
सुटली एकदाची आपली बस.

एक बस क्रियापद, दुसरी वाहन. ‘पुरे’ या अर्थाची फारशीकडून आलेली तिसरी बस अजून थांब्यावर उभीच आहे! इंग्रजीत असे सारख्या उच्चाराचे शब्द जुळवले, तर तिकडचे रसिक ती पळवाट समजतात. आपल्याकडे तोच अलंकार.

या शब्दाचे मूळही ऐकण्याजोगे आहे. लॅटिन ‘ऑम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. त्यातला ‘बस’ हा केवळ चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. मूळ शब्द मागे राहिला आणि शेपूट तेवढे गावोगाव धावू लागले! त्याला आपण पुन्हा आपला ‘ला’ लावतो. ‘बसला’ म्हणजे चतुर्थीवर चतुर्थी.

एवढे हसून झाल्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या वर्गातल्या एका मुलीने कविता वाचली. तिची आई विड्या वळते. घरची भाषा तेलुगू. कामावरून परतणाऱ्या आईची वाट पाहणे, हा कवितेचा विषय. तिने ‘बस्सू’ला ‘हसू’ जुळवले होते आणि वर्गात हशा पिकला. दुसऱ्या दिवशी ती वार्षिकासाठी दिलेली कविता परत मागायला आली. “सर, मला मराठी नीट येत नाही,” म्हणाली.

मी म्हटले, “बाळ, तेलुगूत आणि कानडीत शब्द स्वराने संपवायची रीत आहे, म्हणून तिथे ‘बस्सु’ म्हणतात. तुझी आई घरी येते ती बस्सूने. कवितेतही तिला त्याच गाडीने येऊ दे.” मग वर्गाला सांगितले की, तेलुगू आणि कानडीच्या जुन्या छंदांत प्रास ओळीच्या शेवटी नव्हे, तर सुरुवातीला, दुसऱ्या अक्षरावर साधतात. आपण ज्याला चूक म्हणून हसतो, तो पुष्कळदा शेजारच्या घरचा रिवाज असतो. सोलापुरात तर हा शेजार भिंतीला भिंत लावून आहे.

कविता छापून आली, ‘बस्सू’सकट. शुद्धलेखनाचा मी कमी कडवा नाही; ‘पाऊस’ला ‘बस’शी जुळवू पाहणाऱ्याचे गुण मी आजही कापतो. पण नियम कान तयार करण्यासाठी असतो, तोंड बंद करण्यासाठी नव्हे. या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती मुलांना ‘बस’ची यमके शोधायला लावा. कुणी घरगुती उच्चाराचे एखादे जुळवलेच, तर हसण्याआधी त्याला विचारा, “हे तू कुणाकडून ऐकलेस?” यमकापेक्षा मोठे काहीतरी हाती लागेल.