नव्या यंत्रात जुनाच खेळ

मैत्रिणींनो, खेळाच्या यंत्रांवर मी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण धंतोलीतल्या आमच्या घरात जे घडले, ते आपल्या बैठकीत मांडण्याजोगे आहे.

भाच्याला प्लेस्टेशन ५ घेऊन दिले आणि त्याचे जुने ४ भाचीकडे आले. ती म्हणाली, “मावशी, माझ्या बहुतेक डिस्का त्याच्या यंत्रावर चालतात. त्याच्या नव्या माझ्यावर चालत नाहीत.” मुलाला नवे, मुलीला त्याचे उतरलेले, ही रीत आपल्याला नवी नाही. तरीही जुन्या डिस्का चालत राहाव्यात, ही मागणी मला मोलाची वाटते. मुलींच्या वाट्याला जुनेच येते, तोवर जुने निकामी करणे म्हणजे त्यांना खेळातून काढणे.

डोळ्यांवर बांधायच्या आभासी यंत्राचे तसेच झाले. प्लेस्टेशनच्या २०१६ च्या यंत्रासाठी केलेले खेळ २०२३ च्या दुसऱ्या यंत्रावर आपोआप चालत नाहीत. पुरुषी सवयींना मात्र अशी अडचण येत नाही. २०१६ मध्येच एका अमेरिकन बाईने लिहिले होते : आभासी खेळात सगळ्यांची रूपे सारखी होती, पण तिचा आवाज ऐकताच एका अनोळखी खेळाडूने तिच्या छातीकडे हात नेले आणि पाठलाग केला.

‘अंगाला तर हात लागला नाही ना?’ असे विचारतात. पण ‘तिथेच असल्यासारखे वाटते’ म्हणूनच हे यंत्र विकले जाते. मग आनंद खरा आणि भीती तेवढी खोटी कशी?

भारतीय न्याय संहितेचे कलम ७४ हल्ला किंवा फौजदारी बळ मागते. आभासी हात त्यात बसवणे कठीण. कलम ७९ शब्द आणि हावभावांचा विचार करते. आपल्या वकील मैत्रिणींनी तिथून सुरुवात करावी.

उपाय अशक्य नाहीत. मेटा कंपनीने तक्रारींनंतर २०२२ मध्ये आपल्या आभासी जगात खेळाडूंमध्ये सुमारे चार फुटांचे अंतर ठेवले. असे संरक्षण प्रत्येक यंत्रात पहिल्या दिवसापासून हवे, बाईने तक्रार केल्यानंतर नव्हे.

भाची आज माइक बंद ठेवून खेळते. घरचे याला शहाणपण म्हणतात. मी याला गप्प बसवणे म्हणते.