अर्ध्यावर सोडलेली गोळी

नैराश्यावरची गोळी सुरू करायला घरचे एकदाचे तयार होतात आणि दोन महिन्यांत तेच घर ती बंद करायला लावते. "आता बरी दिसतेस की, कशाला त्या डोक्याच्या गोळ्या? सवय लागेल." हे बोलणारी सासू, मावशी किंवा भाऊ काळजीपोटीच बोलत असतात. पण त्या सल्ल्याने आजार उलटतो, आणि उलटला की खापर औषधावर फुटते.

बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकार संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, दारूसारखी व्यसने धरून, दर दहा प्रौढांमागे एकाला मनोविकार आढळला. नैराश्य, चिंताविकार अशा नेहमीच्या आजारांत शंभरातल्या सुमारे 85 जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. जे थोडे लोक दवाखान्याची पायरी चढतात, त्यांचे उपचार तरी पुरे व्हायला हवेत.

ते का होत नाहीत? एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन ही नेहमी लिहून दिली जाणारी औषधे. पहिल्या आठवड्यात त्यांचा त्रासच जाणवतो: मळमळ, डोकेदुखी, झोपेचा घोळ, कधी आधीपेक्षा जास्त बेचैनी. तरुण रुग्णांत या दिवसांत आत्महत्येचे विचार डोकावत नाहीत ना, याकडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहायचे असते. गुण येऊ लागतो तो दोन ते चार आठवड्यांनी. मंत्रचळात (ओसीडी) तर दहा-बारा आठवडे थांबावे लागते. म्हणजे त्रास आधी आणि आराम नंतर. हे कोणी सांगितलेले नसेल, तर माणूस आठव्या दिवशी पाकीट बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

जे तग धरतात ते पुढच्या वळणावर अडतात. झोप लागते, जेवण जाते, कामात लक्ष लागते. मग गोळी कशाला? हाड जुळू लागले म्हणून प्लास्टर कोणी त्याच दिवशी कापत नाही. नैराश्यात पूर्ण बरे वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवायचे असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या मार्गदर्शिकेत नऊ ते बारा महिने सांगितले होते. आजार पूर्वी दोन-तीनदा येऊन गेला असेल तर त्याहून जास्त. नंतरही मात्रा हळूहळू उतरवायची. एकदम थांबवली की काहींना चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात झटके बसल्यासारखे वाटते. लोक यालाच व्यसन समजतात. पण व्यसनातली तलफ इथे नसते आणि तोच परिणाम मिळवायला मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. औषध एकाएकी तुटल्याचा हा त्रास असतो.

खरी सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची. त्या तासाभरात शांत करतात, म्हणून आवडतात. त्या थोड्या आठवड्यांपुरत्या द्यायच्या. पण जुनी चिठ्ठी दाखवून त्या वर्षानुवर्षे आणल्या जातात, आणि अचानक सोडल्या तर फिटही येऊ शकते. आपली भीती नेमकी उलट्या जागी बसली आहे. सवय लावणारी गोळी उशाशी राहते आणि आजार बरा करणारी कचऱ्यात जाते. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देण्याबद्दल औषधविक्रेत्यांनाही जाब विचारला पाहिजे.

प्रत्येकाला गोळीच लागते असे मुळीच नाही. सौम्य नैराश्यात आणि चिंताविकारात समुपदेशनाने चांगला गुण येतो. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत पदवीधर मानसतज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांकडून सहा ते आठ बैठकी घेतल्या. तीव्र नैराश्याच्या रुग्णांनाही त्याचा फायदा झाल्याचे 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. तज्ज्ञांची वानवा असलेल्या आपल्या तालुक्यांना हा मार्ग झेपण्यासारखा आहे. पण समुपदेशनाचेही तेच: दोन बैठकींत हलके वाटले म्हणून तिसरीला दांडी मारली, की शिकलेले मुरत नाही.

सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात गर्दी असते, एका रुग्णाला मिळतात ती मोजकी मिनिटे. तरी डॉक्टरांनी पहिल्याच चिठ्ठीवर तीन गोष्टी मराठीत लिहाव्यात: गुण कधी येईल, सुरुवातीला कोणता त्रास होईल आणि औषध साधारण किती महिने चालेल. सोबत आलेल्या नातेवाइकालाही ते वाचून दाखवावे. दवाखाना लांब असेल, मनात शंका असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते. आणि घरच्यांनो, गोळी थांबवायची की नाही हे ज्याने ती सुरू केली त्या डॉक्टरला विचारा. तोपर्यंत ती रोज वेळेवर हातात द्या.